लिमाच्या हातगाड्यांवर एक कोल्हापूरकरीण

पेरूची राजधानी लिमा येथे गाईडसोबत रस्त्यावरचे पदार्थ चाखत फिरण्याचा बेत ऐकून नातेवाइकांनी ‘गाड्यावर खायलाही वाटाड्या लागतो का?’ असे विचारले होते. रंकाळ्यावर भेळ खायला तो लागत नाही, हे खरेच आहे. मात्र लिमात कोणता पदार्थ कोणत्या वेळी खावा, हे स्थानिक माणूसच सांगू शकतो. लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या मासळीचे सेविचे तिथे दुपारच्या जेवणाला खातात, तर अंतिकुचोसच्या, म्हणजे काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांच्या, शेगड्या दिवस मावळता पेटतात.

आमच्या गाईडबाईंनी आरंभ सुरकियो मंडईतील मिरचीच्या गाळ्यापासून केला, हे मला विशेष आवडले. ज्या मिरचीवर आपण कोल्हापूरकर एवढा तोरा मिरवतो, ती मूळची अमेरिका खंडातील असून पोर्तुगिजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आली. वाळवलेली, काळपट लाल ‘आही पांका’ रंग आणि वास देते. तिखटपणा बेताचाच असतो. काळ्या बियांच्या गोल, मांसल ‘रोकोतो’ने मात्र कांदा-लसूण मसाल्यावर वाढलेल्या माझ्याही डोळ्यांत पाणी आणले.

अंतिकुचोस पारंपरिकरीत्या गाईबैलाच्या हृदयाचे असतात. आमच्यापैकी काहींना ते चालणार नव्हते, म्हणून गाईडबाईंनी कोंबडीचे मागवले. मसाला तोच होता: आही पांका, लसूण, जिरे आणि व्हिनेगर. निखाऱ्यावर जिरे-लसूण करपू लागल्याचा वास आला आणि परकेपणा तिथेच संपला.

तरीही सर्वांत जास्त वेळ मी पिकारोनेसच्या, म्हणजे तळलेल्या गोड कड्यांच्या, कढईजवळ उभी राहिले. लाल भोपळा आणि रताळे उकडून, मैद्यात कालवून, यीस्ट घालून फुगवलेले ते पीठ इतके सैल असते की लाटण्याचा प्रश्नच येत नाही. गाडीवरच्या मावशी ओल्या हाताने पिठाचा गोळा उचलत, अंगठ्याने मधोमध भोक पाडत आणि कडे तुटू न देता तेलात सोडत. मग काठी भोकात घालून ते उलटत. वरून ‘चान्काका’चा, म्हणजे उसाच्या गुळाचाच, दालचिनी-लवंग घातलेला पाक ओतला जातो. आपण भोपळ्याच्या घारग्यांत गूळ पिठातच मिसळतो. इथे तो वरून येत असल्याने कड कुरकुरीत राहते. ही पद्धत मला अधिक पटली, मग सासूबाई काहीही म्हणोत.