आईची सोमवारची गोळी

संधिवातावर, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवर, डॉक्टर बहुतेक वेळा सुरुवातीलाच मेथोट्रेक्सेट लिहून देतात आणि तिथूनच घरात शंकाकुशंका सुरू होतात. आईची औषधे मिरजेहून घेऊन आलो त्याच संध्याकाळी एका नातेवाइकांनी 'ही तर कॅन्सरची गोळी' असे सांगून तिला घाबरवून सोडले. त्यांचे म्हणणे अर्धेच खरे होते. कर्करोगात हे औषध कितीतरी मोठ्या मात्रेत दिले जाते. संधिवातात मात्र आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम एवढेच देतात आणि स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीला आवर घालणे, एवढेच त्याचे काम असते.

जपायचे ते वेगळ्याच गोष्टीला. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटते, रक्तातील पेशी घटतात आणि प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून आईच्या पाकिटावर ठळक अक्षरांत 'फक्त सोमवार' असे लिहिले आहे आणि रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ते पाकीट आम्ही ठेवतच नाही. फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या दिवशी असते. तिने मळमळ आणि तोंड येणे कमी होते. रक्ताची आणि यकृताची तपासणी ठरावीक काळाने करावीच लागते.

गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात आणि नेमका याच काळात रुग्णाचा धीर सुटतो. वेदनाशामकाने ठणका थांबतो, पण सांध्याची झीज आतून चालूच राहते. आमच्या सांगलीत हळदीच्या दुधाचा सल्ला मिळणे ओघानेच आले (पेठच हळदीची!), आणि आई ते आवडीने पिते, मात्र गोळीऐवजी नाही. मला धास्ती वाटते ती दोन दिवसांत दुखणे पळवणाऱ्या बिननावाच्या पुड्यांची. अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. डॉक्टरही सुरुवातीला थोडे स्टेरॉइड देतात, परंतु ते मोजून देतात आणि हळूहळू उतरवतात. पुडी घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत, किती घेतो आहोत, हे कळतच नाही आणि ती एकाएकी बंद केल्यास प्रकृती ढासळू शकते.

घरात तरुण रुग्ण असेल, तर मूल होऊ देण्याचा विचार डॉक्टरांना आधीच सांगावा, कारण गरोदरपणात मेथोट्रेक्सेट चालत नाही.