मी डीएम झालो, तेव्हा किती नियम वाचले

आमच्या ग्रुपमध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळायचं ठरलं. यात प्रत्येकजण एकेक कॅरेक्टर घेऊन फासे टाकत गोष्ट पुढे नेतो. पण डन्जन मास्टर (डीएम), म्हणजे गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा आणि नियमांचा पंच, कोण होणार म्हटल्यावर सगळे छताकडे बघायला लागले. पुस्तकं माझ्याकडे होती, त्यामुळे माळ माझ्या गळ्यात पडली. २०१४च्या आवृत्तीची तीन पुस्तकं: प्लेयर्स हँडबुक ३२० पानांचं, डन्जन मास्टर्स गाइड तेवढंच, मॉन्स्टर मॅन्युअल ३५२. हे सगळं संपवून खेळायला बसायचं ठरवलं असतं तर आम्ही अजून बसलो नसतो.

म्हणून आधी नुसतं चाळलं. हँडबुकची बरीचशी पानं कॅरेक्टर बनवण्यात आणि स्पेल्सच्या (मंत्रांच्या) यादीत जातात. टेबलावर प्रत्यक्ष खेळ चालतो तो १७३व्या पानापासून पुढच्या तीसेक पानांवर. अ‍ॅबिलिटी चेक (एखादी गोष्ट जमते का ते फाशाने ठरवणं), प्रवास आणि विश्रांती, कॉम्बॅट, स्पेल टाकायची पद्धत, सगळं तिथेच. शिवाय शेवटी परिशिष्टातल्या पंधरा कंडिशन्स, म्हणजे बेशुद्ध, आंधळा अशा कॅरेक्टरच्या अवस्था. एवढं मात्र परीक्षा असल्यासारखं वाचलं. बाकीचं कुठे सापडेल ते माहीत असलं की झालं. फायरबॉल हा स्पेल नेमका कसा फुटतो हे ज्याचं कॅरेक्टर विझर्ड (जादूगार) आहे त्याने वाचून यायचं, असं पहिल्या बैठकीआधीच सांगून टाकलं. थोडी कुरकुर झाली, पण माझं निम्मं ओझं उतरलं.

या पस्तीसेक पानांतही डावं-उजवं आहेच. भिंत चढायची आहे? फासा टाकून किती आणायचे ते डीएम सांगतो: सोपी असेल तर १०, मध्यम १५, अवघड २०. तोंडाला येईल तो आकडा सांगा, कुणी हरकत घेत नाही. घेतली तरी फार तर एक भिंत चढायची राहते. पण जिथे कुणाचं कॅरेक्टर मरू शकतं, तिथे अंदाजपंचे चालत नाही. महिनोन्‌महिने जपलेलं कॅरेक्टर ‘मला वाटतं असं असावं’ या भरवशावर मारायचं म्हणजे मैत्रीवरच घाला.

आमच्याकडे ही वेळ अगदी सुरुवातीलाच आली. पहिल्या लेव्हलचा विझर्ड, हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) जेमतेम ७. समोर बगबेअर नावाचा केसाळ राक्षस. फासे मी सगळ्यांसमोर टाकतो. ५ आणि ७ पडले, वर त्याच्या ताकदीचे २, म्हणजे १४ डॅमेज (इतके हिट पॉइंट गेले).

“बरं, मी शून्यावर. आता डेथ सेव्ह टाकतो,” विझर्डवाला म्हणाला.

“नाही रे, तू गेलास.”

“असा कसा गेलो?”

शून्यावर पडलेला जगतो की मरतो हे एरवी डेथ सेव्हच्या फाशांवर ठरतं; तीन फसले की मृत्यू. पण मी हँडबुकचं १९७वं पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. शून्यावर येऊनही जे डॅमेज उरतं ते तुमच्या कमाल हिट पॉइंटएवढं किंवा जास्त असेल, तर थेट मृत्यू. १४तून ७ गेले, उरले ७. त्याने दोनदा वाचलं, मला एक शिवी घातली आणि नवं कॅरेक्टर बनवायला घेतलं. वाद झाला नाही. तिथे मी चाचरलो असतो तर रात्रभर पुरला असता.

याहून बेरकी नियम बेशुद्ध पडलेल्यांचा. शून्यावर असताना मार बसला तर एक डेथ सेव्ह फसला असं धरतात, क्रिटिकल (वर्मी लागलेला वार) असेल तर दोन; हे १९७व्या पानावर. पण बेशुद्ध माणसाला पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकलच धरायचा, हे सांगितलंय पार मागे परिशिष्टात. दोन्ही जोडून वाचलं की कळतं, पडलेल्या क्लेरिकला (पुजारी कॅरेक्टरला) जवळ उभ्या गॉब्लिनचे, म्हणजे एखाद्या किरकोळ राक्षसाचेही, दोन वार पुरतात. लिहिणाऱ्यांनी हे एकत्र का छापलं नाही देव जाणे. मी दोन्ही एका कागदावर लिहून डीएम स्क्रीनच्या (माझे कागद झाकणाऱ्या आडोशाच्या) आतल्या बाजूला चिकटवलं आणि खेळाडूंनाही आधीच सांगून ठेवलं.

बाकी शंकांसाठी दोन मिनिटं. तेवढ्यात नियम सापडला तर ठीक, नाहीतर मी म्हणेन ते, आणि पुढच्या वेळेपासून पुस्तकाप्रमाणे. आमच्यातला एक सीए आहे, त्याला माझ्यापेक्षा जास्त नियम येतात. शोधायचं काम त्याच्याचकडे दिलंय. आता तो मधे तोंड घालत नाही, विचारलं की पान काढून देतो.

खरी डोकेदुखी निघाली ती अर्धवट माहितीची. एकजण बॉल्डर्स गेट ३ हा याच खेळावर बेतलेला व्हिडिओ गेम खेळून आलेला, त्याला बोनस अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे आपल्या पाळीतल्या जादाच्या छोट्या चालीत, धक्का मारायचा असतो. आमच्या हँडबुकात त्यासाठी एक अटॅक खर्ची पडतो. त्यात २०२४ची सुधारित पुस्तकं आली आणि ग्रॅपलसकट (समोरच्याला धरून ठेवण्याच्या नियमासकट) बरंच बदललं. मी बदललो नाही, मोहीम मध्यावर होती. फक्त पोशन (हिट पॉइंट परत देणारं औषध) पिणं तेवढं बोनस अ‍ॅक्शनचं केलं. ते २०२४मध्येही तसंच आहे, आणि पहिला विझर्ड गमावलेल्या त्या गड्याने त्यासाठी फार भुणभुण लावली होती.