ओबोच्या परीक्षेसाठी रचना निवडताना

माझी भाची ओबो या फुंकून वाजवायच्या पाश्चात्त्य वाद्याची विद्यार्थिनी आहे. तिच्या वादन-परीक्षेत साधारण अर्ध्या तासाचा कार्यक्रम विद्यार्थ्यानेच आखायचा असतो आणि पियानोची साथ मी करत असल्यामुळे ही आखणी आम्ही दोघींनी वडोदऱ्याच्या घरी बसून केली. विद्यार्थी सहसा रचना किती अवघड आहे हे आधी पाहतात. माझ्या मते ओबोच्या बाबतीत वादकाच्या ओठांना विसावा कोठे मिळतो, हे आधी पाहायला हवे.

याचे कारण वाद्याच्या घडणीतच आहे. ओबोच्या दुहेरी रीडची, म्हणजे ओठांत धरायच्या दोन पातळ पट्ट्यांमधली, फट इतकी अरुंद असते की कितीही जोराने फुंकले तरी थोडीच हवा आत जाते. त्यामुळे वादकाला हवा कमी पडत नाही, उलट वापरलेली हवा छातीत कोंडून राहते. ती आधी सोडून मगच नवा श्वास घेता येतो आणि तेवढी उसंत रचनेत असावी लागते.

जर्मन संगीतकार शुमानचे १८४९ मधील तीन रोमान्स (भावपूर्ण छोट्या वाद्यरचना) भाचीला फार प्रिय आहेत आणि ते तिन्ही वाजवण्याचा तिचा आग्रह होता. बोटांना ते फारसे जड नाहीत, परंतु त्यांतील लांबच लांब सुरावटींत ओबोला थांबायला जवळजवळ जागाच नाही. मी तिला तिन्ही रोमान्स सलग वाजवायला लावले. तिसऱ्याच्या मध्यावर सूर उतरू लागला, तेव्हा तिने स्वतःहून ‘मावशी, पहिलाच ठेवू या’ असे म्हटले.

मोझार्टच्या १७७७ मधील सी मेजर कॉन्चेर्तोचा, म्हणजे ओबो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचा, प्रश्न वेगळा होता. वाद्यवृंदांच्या निवडचाचण्यांत तो नेहमी मागितला जातो, त्यामुळे परीक्षकांच्या कानांत तो पक्का बसलेला असतो आणि किंचित ढिलाईही लपत नाही. तरीही पहिला भाग मी घ्यायला लावला, कारण ओबोच्या प्रवेशानंतर लगेच तार सप्तकातला षड्ज चार मात्राखंड (तालाचे लहान समान भाग) अखंड धरावा लागतो आणि सुराची खरी पारख तेथेच होते. वाद्यवृंदाचे लांब तुकडे पियानोवर कोरडे वाटतात व वेळही खातात, म्हणून ते आम्ही कापले.

फ्रेंच संगीतकार सां-सांसचा १९२१ मधील सोनाटा, म्हणजे ओबो आणि पियानोसाठीची अनेक भागांची रचना, मात्र पूर्ण घेतला. त्याच्या दुसऱ्या भागाचा आरंभ आणि शेवट लयीच्या बंधनातून मोकळा आहे. लहानपणापासून आलाप ऐकत वाढलेल्या मुलीला तो समजावून सांगावा लागला नाही. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनचा ‘पॅन’ हा साथीविना वाजवायचा तुकडाही तिला हवा होता, परंतु तोही मात्राखंडांविना लिहिलेला असल्याने एकाच कार्यक्रमात तोच गुण दोनदा दाखवल्यासारखे झाले असते. मन घट्ट करून तो गाळला.

क्रमही ओठांच्या ताकदीनुसारच ठरला: ओठ ताजे असताना मोझार्ट, लगोलग शुमान आणि शेवटी सां-सांस, कारण त्यात पियानो बराच भार उचलतो. आमच्याकडे मे महिन्याच्या उन्हात रीड पाहता पाहता सुकते आणि पावसाळी दमट हवेत तिचा स्वभावच बदलतो. परीक्षा जुलैत असल्याने आता संपूर्ण कार्यक्रम याच क्रमाने, मध्ये न थांबता, पावसाळ्यासाठी तासलेल्या रीडवर वाजवून पाहण्याचे काम चालू आहे.