कण्डाल आणि वऱ्हाड

कंबोडियाच्या ख्मेर लिपीत ड आणि त ही दोन स्वतंत्र व्यंजने आहेत. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, त्यांचे क्रमांकही वेगळे आहेत: ड चा १७८ए आणि त चा १७८एफ. मात्र जोडाक्षरात ही व्यंजने दुसऱ्या अक्षराखाली जाऊन बसली की दोघांचे रूप एकच होते. त्यामुळे कंबोडियाच्या राजधानीला चहूबाजूंनी वेढणाऱ्या कण्डाल प्रांताचे नाव कोणी ड घालून टाइप करतो, कोणी त घालून, आणि पडद्यावर किंवा छापील पानावर त्यांत तसूभरही फरक दिसत नाही. उच्चार ड चा आहे हे तिथल्या वाचकाला ठाऊकच असते. संगणक मात्र क्रमांक पाहतो आणि एकाच प्रांताची दोन नावे धरून बसतो.

वाशीम जिल्ह्यातील आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथसूची मी संगणकावर चढवत असतो, त्यामुळे हे दुखणे मला परके वाटत नाही. सूचीत ‘वऱ्हाड’ शोधले की काही पुस्तके सापडतात आणि काही डोळ्यांसमोर असूनही सापडत नाहीत. कारण यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एक, नुक्ता असलेला ऱ आणि त्याचा मोडलेला पाय, दुसरा, साधा र, मोडलेला पाय आणि त्यापुढे शून्य रुंदीचा, न दिसणारा जोडक. युनिकोडला दोन्ही मार्ग मान्य आहेत. (द्राविडी भाषांतील उच्चारासाठी ठेवलेल्या ऱ चा अर्धा भाग आपल्या वाट्याला यावा, ही मला नेहमीच गमतीची व्यवस्था वाटते.)

ख्मेरची गुंतागुंत मात्र आणखी खोल आहे. १९९९ साली युनिकोडच्या ३.० आवृत्तीत ही लिपी आली, ती भारतीय लिप्यांच्या धर्तीवर. खाली बसणाऱ्या व्यंजनांना स्वतंत्र क्रमांक दिले गेले नाहीत. त्याऐवजी १७डी२ या क्रमांकावर ‘कोएंग’ नावाचे चिन्ह ठेवले गेले, जे पुढील व्यंजनाला खाली बसवते. देशाच्या नावाचे क्रमांक लावून पाहिले तर क, म, कोएंग, ब, उकार, ज, आकार असे सात होतात. आपण ‘कम्बुजा’ लिहितो तेव्हाही तेवढेच आणि त्याच क्रमाने. फरक असा की पाय मोडण्याचे चिन्ह आपण हाताने लिहितो, शाळेत शिकतो. कोएंग मात्र कोणत्याही ख्मेर लेखनिकाने कधी लिहिलेले नव्हते. तिथली मुले खालच्या रूपांना अक्षरे म्हणूनच गिरवतात. म्हणून पुढे कंबोडियाने या रचनेवर अधिकृत आक्षेप घेतला आणि त्या रूपांना स्वतंत्र क्रमांक मागितले, तर ती मागणी मला रास्तच वाटते. पण एकदा दिलेली रचना युनिकोड मोडत नाही. काही चिन्हे वापरू नयेत अशी सूचना तेवढी झाली. त्यांतले १७ए३ तर १७ए२ ची निव्वळ नक्कल होते.

आमच्या सूचीसाठी उपाय सोपा आहे: र, मोडलेला पाय आणि जोडक हा क्रम जिथे दिसेल तिथे ऱ आणि मोडलेला पाय घालावा. अर्थ बदलत नाही, उच्चार बदलत नाही, दिसणेही बदलत नाही. ख्मेरमध्ये अशी सरसकट अदलाबदल करता येत नाही, कारण खाली बसलेला तो आकार काही शब्दांत खरोखरच त असतो. संस्कृतातून गेलेला ‘शास्त्र’ शब्द तिथेही स च्या खाली त घेऊनच लिहितात, आणि कण्डालसाठी केलेली दुरुस्ती सगळ्या मजकुरावर चालवली तर त्याच्या पोटात ड जाऊन बसेल. छापील प्रतीवर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे यंत्र मात्र चुकू शकेल. म्हणून मूळ मजकुराला हात न लावता, केवळ शोध घेताना दोन्ही रूपे एक मानावीत, हेच मला योग्य वाटते.