आता बघ हं!

जुन्या चित्रपटांचा रसिक ओळखायचा असेल, तर त्याच्या शेजारी बसून एखादा चित्रपट पाहावा. त्याच्या आवडीचा प्रसंग जवळ येऊ लागला की तो खुर्चीत किंचित पुढे सरकतो, उगाचच घसा खाकरतो आणि मग त्याच्या तोंडून ते तीन शब्द बाहेर पडतातच : "आता बघ हं!" वास्तविक आपण बघतच असतो, गेल्या तासाभरात दुसरे काही केलेले नसते. परंतु तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. गंमत अशी की हे शब्द उच्चारल्यानंतर तो स्वतः पडद्याकडे बघतच नाही, तो आपल्या चेहऱ्याकडे बघत राहतो. प्रसंग त्याला पाठ असतो. त्याला पाहायचे असते ते एवढेच की, चाळीस वर्षांपूर्वी तो प्रसंग त्याला जसा लागला तसा तो आपल्याला लागतो की नाही.

या दोषातून मी मुक्त आहे असे म्हणण्याची सोय नाही, कारण घरात साक्षीदार आहेत. माझ्या पत्नीने ‘कुंकू’ माझ्यासोबत दोनदा पाहिला आणि तिसऱ्यांदा पाहण्यासाठी मी परगावी गेल्याची संधी साधली. परत आल्यावर ती म्हणाली, "अहो, त्या सिनेमाला पार्श्वसंगीत नाही, हे मला या वेळी कळलं." १९३७ साली शांतारामबापूंनी तो चित्रपट पार्श्वसंगीताशिवाय केला, प्रसंगात जे प्रत्यक्ष वाजेल तेवढेच प्रेक्षकाला ऐकवले आणि म्हाताऱ्या वकिलाच्या घरातले ते जुने घड्याळ त्या शांततेत एखाद्या पात्रासारखे वावरते, हे सगळे मी तिला दोन्ही वेळा सविस्तर सांगितले होते. फक्त मी ते त्या शांततेतच सांगत होतो.

पुण्यात आम्ही सात-आठ जण महिन्यातून एका रविवारी एकत्र जमतो. ज्यांचा दिवाणखाना मोठा त्यांच्याकडे भिंतीवरचे कॅलेंडर आणि कुलदैवताची तसबीर तात्पुरती उतरवली जाते, खिडक्यांना चादरी लावल्या जातात, आणि आमच्यातला संगणकक्षेत्रात काम करणारा एकुलता एक तरुण प्रोजेक्टरच्या तारा जोडतो. चित्रपटांचे त्याचे ज्ञान अद्याप कच्चे आहे, पण तारा कोणती कुठे जाते हे इतर कोणालाच कळत नसल्यामुळे त्याच्या मताला अतोनात वजन आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. कोणताही चित्रपट निघाला की तो आपण कोणत्या थिएटरात, कोणाबरोबर आणि किती पैशांच्या तिकिटात पाहिला हे ते आधी सांगतात. एक शिक्षिका आहेत, त्या वहीत टिपणे काढतात आणि आमच्या चुका पुढल्या महिन्यात सव्याज परत करतात. संगणकावरच्या चित्रपटाला मध्यंतर नसते, तरीही आम्ही ते घेतो, कारण मध्यंतराशिवाय जुना चित्रपट पाहणे हे मुंडावळ्यांशिवाय लग्न लावण्यासारखे वाटते. ते नेमके कोठे घ्यावे यावर जो वाद होतो, त्यात चहा हमखास उकळून जातो.

प्रभात फिल्म कंपनीविषयी बोलताना पुणेकराला आपण स्वतः तिच्यात भागीदार असल्यासारखा सूर लागतो, हेही मान्य केले पाहिजे. कंपनीचा स्टुडिओ येथे, त्याच आवारात पुढे फिल्म इन्स्टिट्यूट येथे, चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालयही १९६४ पासून येथेच. मग आम्ही कोणाचे ऐकून घेणार? परंतु आमच्यात एक कोल्हापूरकर आहेत. कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली, पुण्यास ती १९३३ साली आली, आणि शांताराम, दामले, फत्तेलाल हे सगळे बाबूराव पेंटर यांच्या तालमीत तयार झाले, हे ते प्रत्येक बैठकीत एकदा तरी सुनावतात. "पेंटरांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला, तेव्हा तुमचं पुणं काय करत होतं?" असा त्यांचा सवाल असतो. यावर आम्हांला उत्तर सुचत नाही. त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. म्हणजे तो आम्हीही पाहिलेला नाही आणि त्यांनीही नाही. तरीही त्यातली झोपडी आणि तिच्याबाहेर रडणारे कुत्रे यांचे वर्णन ते असे करतात की, ऐकता ऐकता आपणही ते पाहिले आहे असे वाटू लागते.

एकदा तर आमच्यावर खरोखरच न दिसणारा चित्रपट पाहण्याची वेळ आली. ‘रामशास्त्री’ लावला होता. १९४४ सालचा हा प्रभातचा चित्रपट आमच्या बँकवाल्या गृहस्थांचे आराध्यदैवत आहे. त्यांनी कोठून तरी हौसेने विकत आणलेल्या तबकडीत कंपनीने एक भाग दोनदा भरला होता आणि त्याच्या पुढला भाग गाळला होता. ऐन रंगात आलेले दृश्य संपले, आणि दहा मिनिटांपूर्वीचे सगळे पुन्हा सुरू झाले. तक्रार करून उपयोग नव्हता, रविवारची संध्याकाळ होती. तेव्हा गृहस्थ उठले, पडद्यासमोर उभे राहिले आणि गळालेला भाग त्यांनी करून दाखवायला सुरुवात केली. रघुनाथराव तेच, दरबारी तेच, रामशास्त्रीही तेच. प्रोजेक्टर बंद करायचे कोणालाच सुचले नाही, त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर मूळ चित्रपटातली माणसे ये-जा करीत होती. हातात चहाची रिकामी कपबशी घेऊन त्यांनी "देहान्त प्रायश्चित्त!" असे शब्द उच्चारले तेव्हा बशीवर कप थरथरला, आणि त्या घरच्या आजी, ज्या आतापर्यंत आत शेंगा सोलत होत्या, त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

पुढे त्या तरुणाने पूर्ण प्रत मिळवली आणि आम्ही गाळलेला भाग पाहिला. रामशास्त्री झालेल्या गजानन जागीरदारांचा अभिनय अर्थातच थोर आहे. पण आमच्या गृहस्थांनी तो प्रसंग जवळजवळ दुप्पट लांबवला होता आणि दोन वाक्ये चक्क पदरची घातली होती, हे उघडकीस आले. त्यांना ते दाखवून दिल्यावर ते जराही वरमले नाहीत. "मूळ प्रसंग थोडा तोकडाच आहे," एवढेच म्हणाले.

वाद मात्र नेहमी इतक्या गोडीने मिटत नाहीत. ‘संत तुकाराम’मधल्या ‘आधी बीज एकले’ या अभंगावरून आमच्यात दोन महिने अबोला होता. तो अभंग तुकोबांचाच, असे एका सभासदांचे ठाम म्हणणे होते, कारण त्यांच्या वडिलांच्या भजनी मंडळात तो म्हटला जाई. शिक्षिकाबाई म्हणाल्या, तो चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिला आहे. सभासदांनी पुढल्या बैठकीस लाल फडक्यात बांधलेली गाथा आणली. त्या दिवशी चित्रपट लागलाच नाही. आळीपाळीने चष्मे बदलत आम्ही अभंगांच्या सूचीवरून बोटे फिरवली, ‘आ’ झाला, ‘बी’ झाला, धृपदाने शोधून झाले. अभंग सापडेना. रात्री नऊ वाजता सभासदांनी गाथा पुन्हा फडक्यात बांधली, डोक्याला लावली आणि म्हणाले, "गाथा इंद्रायणीत बुडवली होती ना, तेव्हा हा एक तेवढा वर आला नसेल." यापुढे कोण काय बोलणार? आठवले यांना मात्र याहून मोठे प्रशस्तिपत्र मिळणे कठीण होते.

‘संत तुकाराम’ मी प्रथम पाहिला तो उलटा. सत्तरच्या दशकात आमच्या गावी गणेशोत्सवात चौकात पडदा बांधून चित्रपट दाखवत असत. पुढची जागा संध्याकाळीच पोत्यांनी आणि चटयांनी अडवलेली असे, तेव्हा उशिरा येणाऱ्या पोरांना पडद्याच्या मागल्या बाजूस बसावे लागे. तेथून चित्र तेवढेच स्वच्छ दिसते, फक्त डावे ते उजवे होते. अक्षरे उलटी, घरांची दारे भलत्या बाजूला आणि सगळे देहू गाव डावखुरे. प्रभातच्या बोधचिन्हातली ती तुतारी फुंकणारी स्त्री मला आधी भलत्याच दिशेला तोंड करून भेटली, आणि मोठेपणी थिएटरात ती सुलट दिसली तेव्हा काही क्षण मला चालकाने फिल्म उलटी लावल्याचा संशय आला. पोर आजारी असताना तुकोबांची पत्नी जिजाई एका हाताने त्या पोराला ओढत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन पांडुरंगाला जाब विचारायला निघते, त्या प्रसंगात पायताण कोणत्या हातात आहे, हे मी कित्येक वर्षे लोकांना छातीठोकपणे सांगत असे. ते अर्थातच चुकीचे होते.

पण त्या बाजूने एक गोष्ट दिसली, ती पुढे बसलेल्यांना दिसली नसेल. वाऱ्याने पडदा हलला की त्याच्या कडेतून समोरच्या माणसांचे चेहरे दिसत. शे-दोनशे माणसे, सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच हलता उजेड. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस गाऊ लागले की आमच्या गल्लीतला एक अत्यंत तिरसट किराणा दुकानदार हात जोडून बसलेला मला दिसे. पागनीस पूर्वी नाटकांतून स्त्रीभूमिका करीत, आणि जिजाई झालेल्या गौरीबाई कंपनीत मोलमजुरीची कामे करता करता पडद्यावर आल्या, ही माहिती मला फार नंतर मिळाली. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, हेही नंतरच वाचले. व्हेनिसच्या परीक्षकांविषयी मला पूर्ण आदर आहे, परंतु हात जोडलेला तो दुकानदार मी स्वतः पाहिला आहे. चित्रपटापेक्षा चित्रपट पाहणाऱ्याचा चेहरा पाहण्याची खोड मला बहुधा तेथेच लागली असावी.

"आता बघ हं" म्हणणाऱ्यांच्या या पंथाला कोणी कुलगुरू असेल, तर ते पी. के. नायर. मूळचे केरळचे, पण पुण्याच्या संग्रहालयाला त्यांनी आकार दिला. लहानपणी ते चित्रपटांच्या तिकिटांचे तुकडे जपून ठेवत, आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी संग्रहालयात सुमारे १२,००० चित्रपट जमा केले होते. त्या काळच्या नायट्रेट फिल्मला आग पटकन लागते, आणि आग लागली नाही तरी ती आपोआप चिकट होत जाऊन शेवटी तिची भुकटी होते. शिवाय तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी कित्येक चित्रपट वितळवले गेले. अशा परिस्थितीत दादासाहेब फाळके यांच्या कुटुंबीयांकडून मिळालेली रिळे जपल्यामुळेच, १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झालेली फाळक्यांची कन्या मंदाकिनी आज आपल्याला दिसते. तथापि नायरांचे मला वाटणारे खरे मोठेपण जमवण्यात नाही. जमवणारे पुष्कळ असतात, आणि त्यांतले बरेच कुलूप लावून बसतात. नायरांनी आपल्या पेट्या बाहेर पाठवल्या. कर्नाटकातील हेग्गोडूसारख्या खेड्यात सुपारीच्या बागांत राबणाऱ्या लोकांनी जपानी आणि इटालियन चित्रपट पाहिले, ते संग्रहालयातून गेलेल्या प्रतींमुळे. जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या कोठारास आग लागून प्रभातच्या मूळ प्रतींसह बरेच काही जळाले, तेव्हा आमच्या बँकवाल्या गृहस्थांनी त्या दिवशी संध्याकाळी घरी स्नान केले होते. त्यांनी हे कोणाला सांगितले नव्हते. त्यांच्या पत्नीने सांगितले.

गेल्या मे महिन्यात माझी अकरावीतली पुतणी आमच्याकडे राहायला आली होती, आणि तिला मी ‘संत तुकाराम’ दाखवण्याचे ठरवले. पत्नीने अट घातली की मी तोंड उघडायचे नाही. मी तोंडात सुपारी धरून बसलो. सुरुवातीलाच तुकोबा साधेपणाने आळवतात तोच अभंग सालोमालो देवळात नाटकी ताना घेत आपल्या नावावर खपवतो, आणि दिग्दर्शकांनी खऱ्याखोट्यातला फरक एकही शब्द न बोलता केवळ गाण्यातून दाखवला आहे. मी ते सांगितले नाही. वैकुंठाला येतेस का म्हणून विचारणाऱ्या नवऱ्याचे बोलणे मनावर न घेता जिजाई आपल्या संसाराला जुंपलेली राहते, तेथे माझ्या घशापर्यंत ते तीन शब्द आले होते. मी सुपारी चावली. पुतणी मांडीवर उशी घेऊन, फोन पालथा ठेवून बसली होती, एवढेच मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होते.

चित्रपट संपला. दिवा लावला. मी वाट पाहत राहिलो.

"काका," ती म्हणाली, "ती म्हैस कोणाची होती?"

"कोणती म्हैस?"

"जिजाईची. ती म्हैस तिला ओळखते. म्हणजे, खरंच ओळखते. तुम्ही बघितलं नाही का? जिजाई तिच्याशी बोलते तेव्हा बघा ना. ती स्टुडिओची होती, का त्या बाईंची स्वतःची?"

पन्नास वर्षांत पुढून, मागून आणि कडेने मी तो चित्रपट किती वेळा पाहिला असेल त्याची गणती नाही, परंतु म्हशीकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते. मी शिक्षिकाबाईंना फोन केला. त्यांच्या वहीत म्हैस नव्हती. बँकवाल्या गृहस्थांना थिएटर, तिकीट आणि शेजारची खुर्ची आठवत होती, म्हैस आठवत नव्हती. कोल्हापूरकर म्हणाले की ती कोल्हापूरहून आणलेली असणार, पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

पुढल्या रविवारी आम्ही ठरलेला चित्रपट रद्द करून पुन्हा ‘संत तुकाराम’ लावला. तरुणाने तारा जोडल्या, चादरी लागल्या, तसबीर उतरली. पुतणी मध्यभागी, सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर बसली होती. म्हैस यायच्या जरा आधी ती पुढे सरकली, आणि आम्ही आठही जण, गाथावाल्या सभासदांसह, श्वास रोखून म्हशीच्या डोळ्यांकडे पाहू लागलो.