आलं का?

दुपारची झोप लागेना म्हणून माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला, पुसला आणि त्यात लिनक्स ही कार्यप्रणाली घालायला बसलो. चालू वस्तू टाकवत नाही, हा माझा जुना आजार. घरच्यांनी त्यावर बोलणं केव्हाच सोडलं आहे.

पेन ड्राइव्ह लावला. संगणकाला जाग आणणाऱ्या बायॉसची अक्षरं उमटली, मग लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबचा मेनू आला, एंटर दाबलं आणि पडदा काळाकुट्ट. अशा वेळी मी आधी कॅप्स लॉक दाबून बघतो. कीबोर्डवरचा दिवा लागला-विझला की समजायचं, धुगधुगी आहे. दिवा लागला. पेन ड्राइव्हही लुकलुकत होता. म्हणजे आत सगळं यथासांग चाललं होतं, फक्त मला दिसत नव्हतं.

लहानपणी आमच्या टीव्हीचं हेच व्हायचं. आवाज यायचा, चित्र नाही. मग बाबा गच्चीवर अँटेनापाशी, दादा जिन्यात आणि मी टीव्हीसमोर. ‘आलं का?’ हा प्रश्न दादाच्या तोंडून खाली यायचा. ‘नाही!’ ‘आता?’ ‘आलं, आलं... गेलं!’ बाबा अँटेना धरून उभे राहिले की चित्र लख्ख, हात काढला की मुंग्या. एकदा चित्र छान आलेलं असतानाही मी ‘नाही’ म्हणून ओरडलो. का, कोण जाणे. बाबा पुढची दहा मिनिटं उन्हात तो दांडा फिरवत होते.

असो. संगणक पुन्हा चालू केला. ग्रबच्या मेनूवर ‘ई’ दाबून, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहिलं आणि एफ१० दाबलं. आलं! हा शब्द म्हणजे कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, दिलेली तंबी: पडद्याची मापं तू ठरवू नकोस, बायॉसने दिलीत त्यात भागव. पूर्वी कर्नल या भानगडीत पडतच नसे, ते काम एक्स सर्व्हर या खिडक्या-चित्रं दाखवणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामचं. २००९ साली २.६.२९ या आवृत्तीत, इंटेलच्या ग्राफिक्स कार्डांपासून, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या भागांपासून, त्याने हा कारभार हातात घ्यायला सुरुवात केली. त्याआधीच्या काळात तर मॉनिटरचे आकडे हाताने लिहायचे आणि आकडा चुकला तर मॉनिटर जळू शकतो, असा इशाराही वाचायचा. त्या मानाने नुसता काळा पडदा म्हणजे लाडच.

चित्र आलं खरं, पण ८०० बाय ६०० ठिपक्यांचं. ‘पुढे’ हे बटण पडद्याच्या खाली कुठेतरी बुडालेलं. ऑल्ट दाबून खिडकी वर ओढायची, बटण गाठायचं, पुन्हा ओढायची. असं करत इन्स्टॉल उरकलं.

पुष्कळजण इथे थांबतात. नोमोडसेट ग्रबच्या फायलीत कायमचं लिहितात आणि सुखाने राहतात. माझ्याच्याने ते होत नाही. टेकू काढल्यावर भिंत उभी राहते का, हे पाहिल्याशिवाय चैन पडत नाही.

मॉनिटरची केबल काढली. व्हीजीएच्या, म्हणजे या जुन्या पद्धतीच्या, प्लगात पंधरा पिना, पाच-पाचच्या तीन ओळी. नववी पुष्कळदा मुळातच नसते, तिच्यासाठी घाबरायचं नाही. बारावी मात्र वाकून आडवी पडली होती. बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून मॉनिटर कार्डाला स्वतःची ओळख करून देतो: कोणत्या कंपनीचा, केवढा, काय झेपतं. सगळी मिळून जेमतेम १२८ बाइट. ती ओळख पोचलीच नाही, त्यामुळे कार्डाची समजूत झाली होती की पलीकडे कोणीच नाही. मग चित्र काढायचं कुणासाठी? बायॉस बिचारा कोणी आहे की नाही हे न बघताच दाखवत राहतो, म्हणून सुरुवातीची अक्षरं तेवढी दिसत होती.

चिमट्याने पिन सरळ केली, श्वास रोखून, कारण तुटली असती तर केबलच गेली असती. नोमोडसेट न लिहिता चालू केलं. १२८० बाय १०२४. अक्षरं कोरून काढल्यासारखी. कोपऱ्यातली तारीख भलतीच होती, बोर्डवरचा सेल केव्हाच संपलेला. ते उद्या.

‘आलं!’ मी चांगला मोठ्याने ओरडलो. आतल्या खोलीतून ‘काय आलं?’ असं कोणीतरी विचारलं. ‘काही नाही,’ म्हणालो.

त्या दहा मिनिटांचं मी बाबांना कधी सांगितलं नाही. आता सांगणार तरी कुणाला.