मीटरचा ‘बीप’ आणि गाडीचे न होणारे चार्जिंग: माझा अनुभव

रत्नागिरीत समुद्राच्या इतक्या जवळ राहिल्यावर गाडीला गंज धरणारच, हे आम्हां सर्वांनाच ठाऊक असते; परंतु तोच गंज बॅटरीचे चार्जिंग अडवू शकतो आणि त्यापायी चांगला चालणारा अल्टरनेटर (इंजिनाच्या जोरावर फिरून बॅटरी चार्ज करणारा वीजनिर्माता) बदलण्याचा सल्ला मिळू शकतो, हे मला या पावसाळ्यानंतर कळले. ज्यांची गाडी जुनी आहे आणि घरात साधा डिजिटल मीटर आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

लक्षणे अशी होती की सकाळी सेल्फ जड फिरत असे आणि रात्री हेडलाइट, वायपर व ब्लोअर एकदम चालू असले की दिव्यांचा उजेड पिवळट पडत असे. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा मात्र गाडी चालू असताना कधीच लागला नाही. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्ट झाली व बॅटरी निर्दोष निघाली. अल्टरनेटर फिरवणारा बेल्टही घट्ट होता.

त्यानंतर गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तेथे इंजिन चालू ठेवून, सगळे दिवे लावून बॅटरीच्या टर्मिनलांवर मीटर धरला गेला, १३.१ व्होल्ट दिसले आणि लगेच निकाल लागला, की अल्टरनेटर कमजोर झाला आहे, पूर्ण असेंब्ली मागवावी लागेल आणि त्यासाठी आगाऊ रक्कम भरावी लागेल. खर्चाचा आकडा पाच अंकी होता. मी अर्थिंग (इंजिन व गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारा विजेचा मार्ग) तपासण्याची विनंती केली, तेव्हा मीटर कंटिन्युइटीवर (वायर जोडलेली असली की बीप देणाऱ्या चाचणीवर) ठेवून एक टोक इंजिनला व दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला लावण्यात आले. बीप वाजला. “बघा सर, बीप येतोय, म्हणजे वायर ओके आहे,” असे सांगून विषय संपवण्यात आला. हे उत्तर मला अजूनही खटकते, कारण ज्या चाचणीने हा दोष सापडूच शकत नाही, तीच चाचणी पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवली गेली.

त्या चाचणीत हा दोष का सापडू शकत नाही, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. कंटिन्युइटीच्या चाचणीत मीटर वायरमधून अगदी थोडा, मिलिअँपिअरमध्ये मोजावा इतकाच प्रवाह सोडतो, आणि दहा-वीस ओहमचा रोध असला तरी बीप देतो. चार्जिंगच्या मार्गात मात्र ०.०२ ओहम हादेखील मोठा रोध ठरतो. कारण लोडवर, म्हणजे दिवे वगैरे चालू असताना, त्यातून ४५ अँपिअर वाहत असतील, तर ०.९ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. साध्या मीटरला ०.०२ ओहम मोजताच येत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोधही त्याहून जास्त असतो. पायवाटेवरून एक माणूस सहज जातो, म्हणून तिच्यावरून वरात जाईलच असे नाही. त्यामुळे वायर तपासायची ती तिच्यातून खरा प्रवाह वाहत असताना, आणि मोजायचा तो रोध नव्हे, तर तिच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक.

घरी मी तेच केले. गाडी मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून उभी केली. मुलाने ॲक्सिलरेटर दाबून इंजिन १५०० आरपीएमच्या वर धरून ठेवले. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डीफॉगर चालू केला. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून प्रथम अल्टरनेटरचे जाड आउटपुट टर्मिनल आणि अल्टरनेटरचीच बॉडी यांच्यामध्ये धरला, तेव्हा १४.२ व्होल्ट मिळाले. बॅटरीवर १३.१ होते. म्हणजे अल्टरनेटर आपले काम चोख करत होता आणि १.१ व्होल्ट वाटेत हरवत होते. लाल दिवा न लागण्याचे कारणही हेच, की अल्टरनेटरमधील रेग्युलेटरच्या (व्होल्टेज ठरावीक पातळीवर राखणाऱ्या भागाच्या) दृष्टीने सगळे सुरळीत होते. मग आउटपुट टर्मिनल ते बॅटरीचे पॉझिटिव्ह मोजले: ०.२, जे ठीक आहे. अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरीचे निगेटिव्ह मोजले: ०.९. या बाजूला ०.२ च्या आत असायला हवे. हिशेब तंतोतंत जुळला, तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही.

बॅटरीचे निगेटिव्ह ते गाडीची बॉडी यांत फरक जवळजवळ शून्य होता, म्हणून उरली ती बॉडीपासून गिअरबॉक्सला जाणारी तांब्याची विणलेली पट्टी. बॅटरीचा ट्रे काढल्यावर ती दिसली. वरून ती काळपट पण शाबूत वाटत होती. बोल्ट सोडवून थिंबल (पट्टीच्या टोकाची, बोल्टखाली बसणारी धातूची टोपी) उचलले, तर खाली हिरवी भुकटी जमलेली होती आणि थिंबलजवळच्या तारा बोटाने चोळताच तुटून हातात आल्या. उरलेल्या मोजक्या तारा मीटरला बीप देण्यापुरत्या होत्या. सेल्फही याच पट्टीमुळे जड फिरत होता.

ओळखीच्या वायरमनकडून जाड तांब्याची केबल थिंबल दाबून तयार करून घेतली, बॉडीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. आता त्याच लोडवर अर्थच्या बाजूचा फरक ०.०५ आणि बॅटरीवर १३.९५ व्होल्ट मिळतात. खर्च काही शे रुपयांत भागला.

काही गोष्टी मध्येच सांगायला हव्या होत्या. हे काम करताना बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल आधी काढावे आणि शेवटी लावावे. अल्टरनेटरचे आउटपुट टर्मिनल इंजिन बंद असतानाही थेट बॅटरीला जोडलेले असते, त्यामुळे तिथे पाना बॉडीला टेकू देऊ नये. ‘चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून बघा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला,’ असे अजूनही काही जण सांगतात. ते मुळीच करू नये, कारण त्या क्षणी व्होल्टेज उसळून ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) निकामी होऊ शकतो. नव्या काही गाड्यांत ईसीयू मुद्दामच चार्जिंग कमी ठेवतो, म्हणून दिवे न लावता मिळालेल्या कमी आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

बॅटरी मोजायची असेल तर गाडी काही तास उभी राहिल्यावर मोजावी. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. अल्टरनेटरच्या डायोडची (एसी वीज डीसी करणाऱ्या भागांची) शंका असल्यास मीटर एसीवर ठेवून बॅटरीवरच बघावे, तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर डायोड तपासून घ्यावेत. आणि सर्व्हिस सेंटरने असेंब्ली बदलायला सांगितली, तर ‘अल्टरनेटरवर किती व्होल्ट आहेत आणि बॅटरीवर किती’ हे दोन्ही आकडे आपल्यासमोर मोजून मागावेत. आगाऊ रक्कम त्यानंतर भरावी.